शेवटच्या दोन कडा

मनगट मोडलं तेव्हा पार्लरमधल्या ताईंनी हूं की चूं केलं नाही. प्लास्टर उतरल्यावर मात्र पार्लरच्या मालकिणीने, म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी, त्यांना नुसतं फोनपाशी बसवलं आणि ताईंचं डोकं फिरलं. उभा जन्म केस कापण्यात गेलेला. आता काय शोभेची बाहुली व्हायचं?

"अंगठा वळत नाही तुझा. कुणाचा कान कापलास म्हणजे?" जाऊबाई म्हणाल्या. ताईंच्या हातात बोटांच्या व्यायामाला आणलेला, रंग जुळवायचा चार थरांचा क्यूब होता. त्याकडे बघून जाऊबाईंनी वर टोमणा मारला, "हा ठोकळा सोडव, त्या दिवशी कात्री देते."

बोलून गेल्या आणि फसल्या. ताई हट्टाला पेटल्या.

मधले रंग जुळले, प्रत्येक कडेच्या दोन तुकड्यांच्या जोड्याही लागत गेल्या, पण शेवटच्या दोन कडांशी घोडं अडलं. तोवर इकडचं तिकडे करायला मोकळी जागा असते. शेवटी ती उरतच नाही. तिथे जमलेले मधले रंग धीटपणे विस्कटावे लागतात. आतला थर सरकवायचा, उजवीकडची कड काढून उलटी बसवायची, थर मागे आणायचा; मधले रंग परततात आणि दोन्ही कडा एकदम जुळतात. ताईंना हे तोंडपाठ होतं. अंगठा मात्र ऐन वेळी दगा द्यायचा आणि थर अर्ध्यातच अडकायचा.

एका दुपारी त्या चहा करायला आत गेल्या, तेवढ्यात थोरल्या दिरांना दया आली. त्यांनी पेचकसाने क्यूबचे तुकडे उचकटले आणि रंगाला रंग लावून परत बसवले.

"घ्या, सुटला! आता भांडू नका."

जाऊबाईंनी डोळेझाक करून कात्री पुढे केली. ताईंचा जीव त्या कात्रीतच अडकला होता. तरी त्यांनी ती घेतली नाही.

"भाऊजी, तुमची माया कळते. पण भीक नको मला," म्हणत त्यांनी क्यूब असा पिळला, की एक रंग धड राहिला नाही. मग तिथेच उभ्याने पुन्हा सुरुवात केली. चहा निवला. शेवटच्या दोन कडा आल्या, तसा त्यांनी आतला थर सरकवला.

"अगं, जमलेलं कशाला मोडतेस?" जाऊबाई कळवळल्या.

"मोडल्याशिवाय जमत नाही ते!"

अंगठा ठणकला. ताईंनी दातओठ खाऊन तो वळवला आणि थर मागे आला. कडा जुळल्या. उरलेलं साध्या, तीन थरांच्या क्यूबसारखंच होतं, ते हात आपसूक करत गेले.

जाऊबाई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांनी केस मोकळे सोडले. "फार आखूड नको हं."

"मान हलवली नाहीत, तर कान जागेवर राहतील," ताई म्हणाल्या आणि त्यांनी कात्री उचलली.