मस्टरवरची हिरवी सही

संदेश भुवडला आयुष्यात एकच व्यसन, गणपतीला गावी जाण्याचं. बाकी माणूस सरळ. आंबिवलीच्या कारखान्यात पॅकिंगला वीस वर्षं काढली, विडी नाही की तंबाखू नाही. पण भाद्रपद जवळ आला की रजा शिल्लक आहे का हे बघणं त्याला पाप वाटे. रजा नसली तर टाइम ऑफिसातला आनंदा होता. तोही गुहागरकडचाच, पण पाचव्या दिवशी परतणारा. गावी मागे राहिलेल्याच्या नावापुढे हजेरीच्या मस्टरवर आनंदाने सही ठोकायची आणि त्याने येताना आनंदासाठी कुळथाची पिठी आणायची, असा शिरस्ताच होता. यात आपण कुणाला फसवतोय असं दोघांनाही वाटत नसे. देवाच्या कामात कसली फसवणूक?

आठ वर्षांपूर्वी ऐन गणपतीत संदेशच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. चार दिवसांसाठी गेलेला संदेश आईबरोबर दिवाळीपर्यंत गावीच राहिला. बायको ऐश्वर्या तिच्या नोकरीमुळे आंबिवलीला एकटी. मस्टरवर मात्र संदेश रोज कामाला येत होता. पुढच्या जूनमध्ये अंतरा झाली. बारसं झालं, पेढे वाटले, कुणी बोटं मोजली नाहीत.

बोटं मोजली ती सहा वर्षांनी, सासूसुनेचं विकोपाला गेल्यावर. ऐश्वर्या मुलीला घेऊन डोंबिवलीला भावाकडे निघून गेली आणि ठाण्याच्या कोर्टातून मुलीच्या पोटगीची नोटीस आली. ती नोटीस हातात धरून आई, विमलाबाई, म्हणाली, “भाद्रपद-आश्विन तू माझ्यासोबत गावाला होतास. मोज. जूनचं पोर तुझं कसं रे?”

संदेशने मोजली. संशय नेमका सोयीच्या वेळी येतो, आणि आला की घरजावयासारखा ठाण मांडून बसतो. ऐश्वर्या फोनवर कळवळून सांगत होती, “अरे, पितृपक्षात आलेलास तू एका रात्री. घोसाळ्याची भजी केलेली मी. आठव ना!” भजी त्याला आठवत होती. पण ती त्याच्या आदल्या वर्षीची, असं तो छातीठोकपणे म्हणाला. “त्या काळात मी एक दिवसही घरी आलो नाही, मूल माझं नाही,” असं त्याने शपथेवर लिहून दिलं आणि डीएनए तपासणीचा अर्ज केला.

त्याच्या वकीलबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, “लग्नात झालेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. तुम्ही बायकोजवळ नव्हतातच हे आधी दाखवा, मग तपासणीचं बघू.” आई साक्षीला तयार होती. मस्टरचं त्याने वकीलबाईंना सांगितलंच नाही. इतकं जुनं बाड केव्हाच रद्दीत गेलं असेल, अशी त्याची खात्री.

रद्दीत गेलं नव्हतं. ऐश्वर्याच्या वकिलाने ते मागवलं आणि घेऊन आला खुद्द आनंदा. पिंजऱ्यात उभा राहून त्याने संदेशकडे न बघता सांगितलं, “सह्या त्याच्याच. रोज हजर होता.” बिचाऱ्याच्या रिटायरमेंटला चार महिने राहिले होते, दुसरं काय सांगणार?

संदेश कात्रीत सापडला. मस्टर खोटं म्हणावं तर आनंदा जातो, आपली नोकरी जाते. खरं म्हणावं तर अर्ज गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. “बघून घ्या, सह्या तुमच्याच ना?” वकीलबाईंनी पान त्याच्यापुढे सरकवलं.

आनंदाच्या निळ्या सह्यांची रांग होती. मध्ये एकच सही हिरवी. तारीख चौदा सप्टेंबर.

ती त्याची स्वतःची होती. त्या दिवशी सरकारी साहेब कारखान्यात मुंडकी मोजायला येणार, म्हणून आनंदाने तातडीने बोलावून घेतलं होतं. आईला त्याने सांगितलं की चिपळूणला औषधं आणायला जातो, मिळेपर्यंत तिथेच मुक्काम करेन, कारण आजारी बापाला सोडून कंपनीसाठी निघालेला तिला खपला नसता. टाइम ऑफिसातलं पेन आटलं होतं, साहेबाने स्वतःचं हिरवं पेन पुढे केलं. रात्री घरी भजी खाल्ली आणि पहाटेच्या एसटीने तो परत गेला. मुलगी त्याची होती. ऐश्वर्याचा शब्द न् शब्द खरा होता.

आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. एक सही खरी म्हटली की बाकीच्या खोट्या ठरत होत्या.

“अर्ज मागे घ्या,” तो बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंना म्हणाला.

“शहाणपणाचं. पुरावाच उलटलाय,” त्या म्हणाल्या. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, मी हरलोय म्हणून नाही हो. पण बाकावर बाजूलाच आनंदा बसला होता. पलीकडे आई पुटपुटत होती, “मस्टर खोटं आहे, मला काय माहीत नाही?”

तो ऐश्वर्याजवळ गेला. “तू खरं बोलत होतीस. मी आलेलो.”

“मी रडून सांगितलं तेव्हा नाही आठवलं,” ती म्हणाली. “मस्टर आल्यावर बरं आठवलं!”

आपण आपल्या हाताने पोरीला परकं केलं, हे त्याला लखलखीत कळलं आणि लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंतरा आईच्या ओढणीआडून बघत होती. दीड वर्षापूर्वी ती त्याला “ए बाबा” म्हणायची.

“मामा म्हणतो, तुम्ही माझे बाबा कोण ते शोधताय,” तिने विचारलं. “सापडले का?”

संदेश तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. “सापडले.”

“कोण?”

“मीच, बाळा.”

अंतराने हे खरं आहे का म्हणून आईकडे बघितलं.