मातीची चव घेणारे चाचा

मातीची चिमूट जिभेवर ठेवायची, थुंकायची, मग माणसाकडे पाहायचं. नर्सरीवाल्या चाचांची ही सवय. तुम्हाला किळस येईल. मलाही आली होती.

जठारपेठेत आमच्या घराच्या बाजूला दोन हात रुंद बोळ आहे. तिथे बायकोने मोगरा लावला होता. शेजाऱ्याने दोन मजले चढवले, ऊन गेलं. वर्षभरात बायकोही गेली. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं. त्याची पानं कडेने जळायला लागली तेव्हा मी शेजाऱ्याशी भांडलो आणि चाचांना घरी घेऊन आलो. म्हटलं, "पाहा, त्याच्या भिंतीनं झाड मारलं."

चाचांनी माती चाखली. "पानी कोनतं टाकता, भाऊ?"

"कूलरचं. रोज सकाळी टाकी रिकामी करतो, ते कावून वाया घालवू?"

"बोरचं पानी आधीच खारं. कूलरात आटून आटून त्याचं मीठ होते. भिंतीनं फुलं बंद केली. झाड मारून तुमी राहिले."

माझा हात उठणारच होता. "निघा इथून," म्हणालो.

ते निघाले नाहीत. उकिडवे बसले. "याले ऊन लागते. मले द्या."

"विकून टाकाल."

"विकलं त दाढी उपटा माही."

दिलं. दुसऱ्या दिवशी ते सावलीत जगणारी झाडं घेऊन आले. पांढऱ्या पानांचं सिंगोनियम, लाल-पोपटी कोलियस, नेचे. "फुलं मागू नका यायले. पानालेच फूल समजा."

नळ चौथ्या दिवशी येतो. प्यायच्या पाण्यातलं काढून घालू लागलो. अंधारा बोळ खरंच उजळला. पण जीव मोगऱ्यात. दर आठवड्याला नर्सरीत जायचो. मोगरा मागच्या बाजूला ठेवलाय म्हणायचे, पण तिकडे जाऊ द्यायचे नाहीत.

"पान फुटून राहिलं, भाऊ. नजर नका लावू."

"खरं सांगता?"

"तुमाले कधी खोटं बोललो मी?"

नव्हतेच बोलले. मी परत यायचो.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. छातीत दुखलं, तासाभरात संपलं. मी त्यांच्या घरी गेलो. बसलो. राहवलं नाही, चाचींना मोगरा मागितला.

त्या म्हणाल्या, "भाऊ, वो तो आठ दिन में सूख गया था. रोज उसके पास बैठते थे. बोले, उनको मत बताना, अभी अभी बीवी गई है."

मी उठलो. एवढे महिने फसवलं म्हणून चाचांशी कडाडून भांडायचं होतं. भांडायला माणूस नव्हता.