शेजारचं रक्त

"पह्यले माह्यं घ्या," असं म्हणून ते डावा हात पुढे करायचे.

मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासतो. सिकलसेलच्या तपासणीसाठी संग्रामपूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या वस्त्यांवर जावं लागे, तेव्हा वाट दाखवायला तिथलेच हे म्हातारे सोबत असत. सुई दिसली की लोक घरात शिरत. मग हे अंगणाच्या मधोमध उकिडवे बसत. त्यांची तपासणी कधीच झाली होती.

"राहू द्या हो," मी म्हणायचो.

"टोचा साहेब, फुकटचं तं हाये," असं ते म्हणत आणि टोचल्यावर मुद्दाम मोठ्यानं हसत. आतून एखादी बाई ओरडे, "त्या बुढ्याचं काय, दगड हाये तो!" आणि ओरडता ओरडता स्वतःच बाहेर येई.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याची भीती घालवायला आपलं बोट पुढे करणारी. आता ते नाहीत.

ते निहाल आदिवासी होते. बायको कोरकू. बाहेरच्याला या दोन समाजांतला फरक कळणार नाही, पण तिच्या माहेरी निहालाला खालचं मानत. लग्न झालं आणि तिच्या भावानं तिला घर बंद केलं. तो नाल्यापलीकडच्या गावात राहायचा. वरवट बकालच्या बाजारात तो दिसला की ही भाजीवाल्यांच्या मागे जाऊन उभी राही. लपण्यासाठी नव्हे. तिथून तो नीट दिसायचा.

एका वर्षी मोठ्या शहरातून संशोधकांची तुकडी आली. निहालांच्या जुन्या बोलीचं नातं कुठल्याच भाषेशी नीट लागत नाही, तेव्हा ही माणसं मूळची कुठली, कोरकूंपासून किती वेगळी, हे त्यांना रक्तावरून पाहायचं होतं. मी मदतीला होतो. सगळं ऐकून घेऊन म्हाताऱ्यांनी एकच विचारलं, "म्हणजे आमी आन् ते एकच हाये का, हे रक्तात दिसते?"

"काही दिसलं तर कळवू," तुकडीतली मुलगी म्हणाली.

त्यानंतर ते वस्तीवस्तीवर फिरले, निहालांना आणलं, कोरकूंनाही आणलं. बायकोला तर स्वतः हाताला धरून आणलं. रक्त घेऊन झाल्यावर बर्फाच्या पेटीवर वाकून मला हळूच म्हणाले, "साहेब, ह्या दोन नळ्या जवळजवळ ठेवा."

"त्यानं काय होणार?"

"मशीनले वळख पटन."

मी नळ्या क्रमानं लावणारा माणूस. पण नंबर नळीवर होताच, म्हणून ठेवल्या.

मग भेटले की "आलं का?" एवढंच. मधल्या काळात बायकोच्या अंगावर सूज आली. ती अंथरुणाला खिळल्यावर मीच त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, दोन्ही समाजांत काही जुनं सारखं दिसतं, काही वेगळं. आणि यातून कुठल्या दोन घरांचा निवाडा होत नसतो.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

"एकच हाये म्हना ना, साहेब."

"तसं म्हणता येत नाही."

"जवळचे तं हाये?"

"जवळचे आहेत."

"बस. झालं." आणि ते तसेच उठून नाल्यापलीकडे गेले.

मेहुण्यानं त्यांना घरात घेतलं नाही. "रक्त शेजारचं निघालं ना? मंग शेजाऱ्यावानी राह्य. बोल दारातूनच." हे त्यांनीच मला हसत सांगितलं, पण नजर जमिनीवर होती.

"बाईंना काय सांगितलं?"

"सांगतलं, तुहा भाऊ इचार करून राह्यला."

दिवाळीच्या आधी ती गेली. आपल्याकडे बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भावाकडे निरोप गेला होता. माणसं अंगणात बसून होती. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तरी नाल्याकडून कोणी येईना. म्हातारी माणसं कुजबुजू लागली. तेव्हा ते माझ्याजवळ आले. "साहेब, गाडी काढा."

वरवट बकालच्या दुकानात त्यांनी हिरवी लुगडी काढायला लावली. एकेकाचा पोत अंगठ्यानं चोळून पाहिला. काठ उन्हात नेऊन पाहिला. दुकानदार कंटाळला.

"कोणासाठी हो एवढं पाहून राह्यले?"

"बहिणीले पाह्यजे."

"काऊन, भाऊबीज आतापासूनच?" दुकानदार हसला.

"हाव," ते म्हणाले.

परत येताना ते गाडीवर मागे बसून होते. घडी पोटाशी धरलेली होती, ती माझ्या पाठीला लागत होती.

अंगणात सगळे उठून उभे राहिले. सगळ्यांनी आम्हाला जाताना पाहिलं होतं, येतानाही पाहिलं. त्यांनी घडी मोडली आणि तिच्या अंगावर घातली.

"भावानं धाडलं," ते मोठ्यानं म्हणाले.

मग तिच्या समाजातली एक म्हातारी पुढे झाली, काठ तिच्या हनुवटीपर्यंत सारखा केला आणि म्हणाली, "आलं बरं बाई, माहेरचं."