शुक्रवारचा राहुकाळ

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळण्यात माझा हात चांगलाच बसला. बोलणं विमानांकडे वळलं की मला चहा हवा व्हायचा. मुलीच्या नोकरीकडे वळलं की बाथरूमला जावं लागायचं. घरच्यांना वाटलं, प्रोस्टेट. प्रोस्टेट नंतर खरंच झालं, पण तेव्हा नव्हतं.

आधी राहुकाळाबद्दल. चेन्नईत रोज दीड तास असा असतो, की त्यात कुणी नवीन काही सुरू करत नाही. वारागणिक वेळ बदलते आणि ती कॅलेंडरच्या पानावर छापलेली असते. मी साताऱ्याहून नोकरीसाठी इथे आलो, तेव्हापासून या प्रकाराची टिंगल करणं हा माझा छंद होता. बायको इथलीच, तंजावरकडच्या मराठी घरातली. ती राहुकाळात नवा साबणसुद्धा फोडायची नाही. "तुमचा राहू दीड तास ड्यूटी करतो, मग उरलेला दिवस काय युनियन चालवतो?" असं मी विचारायचो. ती म्हणायची, "हसा. त्याचं लक्ष आहे तुमच्याकडे." हे ती तिच्या जुन्या, तमिळ हेल लागलेल्या मराठीत म्हणायची. ती मराठी लिहायला गेलो तर माझ्या हातून चुका होतील, म्हणून तिचं बोलणं माझ्याच मराठीत देतो.

आम्हाला एकच मुलगी. तिनं पायलटचं लायसन्स काढलं. त्या वर्षांत नव्या विमान कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उघडत होत्या, आणि तिच्या हातात एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या आल्या. एक मोठ्या एअरलाइनची. दुसरी एअर ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीची: दोन इंजिनांचं लहानसं विमान, पुढे दोन पायलट, मागे स्ट्रेचर, डॉक्टर, ऑक्सिजन. फोन आला की निघायचं. तिला तिथल्या कॅप्टननी एकदा सोबत नेलं होतं. मदुराईहून भाजलेला एक माणूस आणायचा होता. ती परत आली ती जेवायला बसली नाही, उभ्याउभ्याच भात खात बोलत राहिली.

"अप्पा, खाली रनवेशेजारी त्याची बायको उभी होती. आम्ही उतरतोय हे ती बघत होती. मोठ्या विमानाची अशी वाट कोण बघतं? उशीर झाला तर शिव्या देतात, एवढंच."

"शिव्या देणाऱ्यांना सँडविच मिळतं," मी म्हणालो. "आणि तुला ठरलेलं रोस्टर, ठरलेली सुट्टी, मोठं जेट. तिथे काय? दिवाळीच्या फराळावरून उठून पळायचं."

"पळेन की."

"आणि पुढे? चार वर्षांनी कंपनी बुडाली तर?"

"एअरलाइन बुडत नाही वाटतं?"

मुद्दा तिचा बरोबर होता. माझ्याकडे खरं कारण वेगळंच होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. श्रीपेरुंबुदूरला जाणाऱ्या आमच्या कारखान्याच्या बसमध्ये मी दोन वर्षं सगळ्यांना ऐकवत होतो की माझी मुलगी मोठं विमान उडवणार. बसमधल्या कुणी ओरगडमच्या नव्या प्लँटचा विषय काढला, तरी मी चार वाक्यांत त्याला पस्तीस हजार फुटांवर नेऊन ठेवायचो. आणि त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी जिन्यात गाठून विचारलं होतं, "ॲम्ब्युलन्सा? डॉटर ड्रायव्हरा?" मी त्यांना विमानाची ॲम्ब्युलन्स समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांत्वन केल्यासारखं म्हणाल्या, "असू दे. नोकरी ती नोकरी." मी त्या जिन्यात तिथल्या तिथे एअरलाइनचा भक्त झालो.

गुरुवारी संध्याकाळी मुलीनं जाहीर केलं, की ती ॲम्ब्युलन्सचं काम घेणार. शुक्रवारी सकाळी कॅप्टनना फोन करून होकार कळवायचा होता. माझी दुसरी पाळी असल्यानं सकाळी मी घरीच होतो. वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोबाइलला रेंज फक्त गच्चीत यायची, म्हणून तिनं सगळीकडे घरचाच नंबर दिला होता.

सकाळी मुलगी अंघोळीला, बायको फुलं आणायला, आणि फोन वाजला. कॅप्टन स्वतः होते. फार सभ्य माणूस. "तिला सांगा, अकराच्या आत कळव. आणखी एक मुलगा आहे. आज दुपारीच ट्रेनिंगला पाठवायचंय, अकरानंतर मला थांबता येणार नाही. पण मला तीच हवी आहे." मी म्हणालो, "जरूर सांगतो." आणि रिसीव्हर असा अलगद ठेवला, जसा काही तो झोपला होता.

अंघोळ करून, केस पुसत मुलगी फोनपाशी आली. साडेदहाला दहा-एक मिनिटं होती. बायकोही फुलं घेऊन आली होती. मी कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणालो, "आत्ता लावून बोलणं होईपर्यंत राहुकाळ लागेल. शुक्रवार आहे, साडेदहा ते बारा."

मुलीनं टॉवेल खांद्यावर टाकला.

"अप्पा, तुम्ही राहुकाळ पाळायला लागलात?"

"मी कसला पाळतो! तुझी आई पाळते. आयुष्यातलं एवढं मोठं काम, तिच्या मनाला रुखरुख नको. बारा वाजून एका मिनिटानं कर."

बायकोचा चेहरा असा फुलला, की लग्नातल्या फोटोतही तो तसा नाही. इतक्या वर्षांनी नवऱ्याला अक्कल आली, असं तिला वाटलं असणार. तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "दीड तासानं काय बिघडतंय? थांब गं." आणि मुलगी थांबली. अप्पांनी हार मानली, हाच त्यांचा आशीर्वाद, असं ती नंतर म्हणाली. त्या दीड तासात बायकोनं खीर केली. मी दोन वाट्या खाल्ल्या.

बाराला फोन लावला तो ऑफिसातल्या कुणा मुलीनं उचलला. सर विमान घेऊन गेलेत. जागा भरली. तुमची वाट पाहिली. एवढंच. मुलीला अपमान वाटला, तिनं पुन्हा फोन केला नाही, आणि मी सुटलो.

ती एअरलाइनमध्ये गेली. वाईट झालं असं म्हणता येणार नाही. आज ती कॅप्टन आहे. कदाचित ॲम्ब्युलन्सच्या कामाला ती वर्षभरात कंटाळली असती. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय आणि दरवेळी मला ते पटतं, साधारण पाच मिनिटं. मग आठवतं, की कंटाळायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

पण खरं बोचतं ते पुढचं. मुलीनं दोष दिला आईला. भांडून नाही; चेष्टेत, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं. नवा फ्रिज आला की, "अम्माला विचारा, राहू मोकळा आहे का." तिचं लग्न ठरलं तेव्हा, "मुहूर्त अम्मानं नको काढायला, नवरा दुसरीला मिळेल." सगळे हसायचे. मीही हसायचो. बायको हसत नसे. पुढे तिनं कॅलेंडरची पानं फाडणं बंद केलं; जुनीच तारीख भिंतीवर राहायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माझ्यामुळे पोरीचं गेलं ना." तिथे सांगायचं होतं. मी विचारलं, चहा करू का.

नंतर तिला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तेव्हा मी ठरवून गेलो होतो. दुपार होती, खोलीत आम्ही दोघंच. मी खुर्ची पुढे ओढली. "ऐक, तुला एक सांगायचंय. त्या शुक्रवारी..."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हात वर केला. "अहो, आत्ता नको. राहुकाळ आहे. काही महत्त्वाचं असेल तर नंतर सांगा."

आणि मी थांबलो. खुशीनं थांबलो. त्यानंतर ती घरी आली, वर्षभर होती. त्या वर्षात राहुकाळ नसलेले तास किती होते, ते मला कळतं.

मुलीला मराठी वाचता येतं, पण सावकाश. ती इथवर पोचेल तेव्हा तिची खात्री पटेल की विनोद चुकीच्या माणसावर झाले. तिची माफी तिच्यासमोर बसून मागेन. ती तरी जवळ आहे. तुझी मागायची राहिली. तेव्हा आता, कुठला काळ चालू आहे हे न बघता: तुझ्यामुळे पोरीचं काही गेलं नाही. फोन आला होता. तो मी घेतला होता. मला माफ कर.