दाजींचा लोखंडी टोप

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान, मोटारसायकलवर बसण्याआधी अंगावर इतकं काही चढवत की तोवर चुलीवर दोन भाकरी होऊन जात. पायांत पोटरीपर्यंत बूट, गुडघ्यांना आणि कोपरांना जुन्या मोटेच्या चामड्याचे पट्टे, अंगात कापूस भरून गोधडीसारखी शिवलेली बंडी, आणि डोक्यावर लष्करी लोखंडी टोप. पोलीस ॲक्शननंतर जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता. अक्काने आतून कापसाची गादी शिवून दिली होती. परभणीच्या उन्हात हा माणूस असा निघे. लोक हसत, आम्हीही हसायचो. घरचे कर्ते असलेले थोरले काका तर तोंडावर विचारत, "जावई हाय का कासव?"

दाजी पूर्णेला ढोरांच्या दवाखान्यात होते. जनावरांना सुया टोचायला गावोगाव जायचं, आणि रस्ता म्हणजे काळ्या रानातली गाडीवाट. पावसात चिखल, उघडीप पडली की तोच चिखल दगडासारखा वाळून चाकोऱ्या हातभर खोल. त्यात पुढचं चाक अडकलं की भलाभला आडवा होई. दाजीही पडत. उठून पट्ट्यांवरची माती झटकत आणि मग मला सांगत, "गाडी पडणारच, सुमे. आपुन कसं पडायचं, तेवढं आपल्या हातात हाय."

सुरुवातीला एका गावात फार वाईट झालं. रझाकारांचे दिवस ताजे होते. बूट आणि लोखंडी टोप दिसताच बायकांनी लेकरं आत ओढून दारं लावली. एक म्हातारी तर ओट्यावरच हात जोडून बसली. दाजींनी टोप काढला, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि बराच वेळ तिच्या म्हशीची चौकशी करत राहिले. त्या दिवसापासून ते शिवेवर गाडी थांबवत, टोप काढून रुमाल बांधत आणि गाडी ढकलत गावात शिरत. निघताना शिवेवर पुन्हा टोप. "गावात रुमाल, रानात टोप," ते म्हणत. लोकांचा मान आणि स्वतःचं डोकं, दोन्ही सांभाळणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आमच्या घरात मात्र एकच सांभाळायची पद्धत होती.

धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलावलं. आमचं गाव चुडाव्यापासून कोसभर आत. दाजी आले, पुरणाचे धोंडे जेवले, काकांनी स्वतःच्या हाताने त्यांना जरीकाठी फेटा बांधला. अक्का चार दिवस माहेरी राहणार होती. दुपारी निरोप आला की पलीकडच्या गावात बैलांना फऱ्या रोग झालाय, लवकर या. दाजींनी बूट घातले, पट्टे आवळले आणि टोपाला हात घातला. काकांनी वरून हात ठेवला.

"आमी बांधलेला फेटा काढून हे डबडं घालणार?"

"गावात न्हाई काढत, काका. शिवेवर काढतो."

"शिवेवर बी न्हाई. आमच्या घरचा फेटा जावयाच्या डोक्यावरच घरला जातो. तुमच्या आईनं बघितला पायजे."

सगळी भावकी ओसरीवर बसली होती. अक्का आत दाराच्या फळीआड उभी होती. काकांसमोर बोलायची तिची काय टाप. फळीवरची तिची बोटं मला दिसत होती. दाजी हसले. टोप माझ्या हातात देऊन म्हणाले, "आत दे. न्यायला येईन तवा नेतो. आज काकांचा मान."

ओढ्यापलीकडच्या चाकोरीत गाडी अडकली. दाजी उडून बांधाच्या दगडावर पडले. शेतातल्या लोकांनी त्यांना बैलगाडीत घातलं आणि पूर्णेची वाट धरली, पण दाजी वाटेतच गेले. गुडघ्यांना, कोपरांना खरचटलंसुद्धा नव्हतं. फेट्याचा एक पेचही सुटला नव्हता. फेटा डोक्यावरच घरी पोचला आणि काकांना हवं होतं तसं दाजींच्या आईने तो पाहिला.

काका पुढे म्हणत राहिले, "वेळ आली व्हती." सगळे माना डोलवत. मला त्या मानांची आजही चीड येते. अक्का कायमची माहेरी आली. टोप तिने ट्रंकेत ठेवला.

तीनेक वर्षांनी पुढचा धोंड्याचा महिना आला तोवर माझंही लग्न झालं होतं आणि मी सासरहून आले होते. माझे यजमान चुडाव्याच्या स्टेशनवरून सायकलने आले. जेवणं झाली. काकांनी पुन्हा तसाच फेटा बांधला. यजमान निघायला उठले तशी अक्का बाहेर आली. असल्या शुभप्रसंगी विधवेने ओसरीवर यायचं नसे. भावकी बघत राहिली. तिने टोप यजमानांसमोर ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा काकांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"मागच्या बारीला फेटा पोचला, काका. आवंदा माणूस पोचू द्या."

काकांचा हात फेट्याकडे गेला नाही आणि टोपाकडेही नाही. माझ्या यजमानांनी फेटा उतरवून माझ्याकडे दिला, टोप डोक्यावर घातला आणि सायकल काढली. आतली गादी नवी होती. अक्काने ती पुन्हा शिवली होती.