धुक्यातला चेंडू

गोल्फ खेळायला कुठं जावं, असं कुणी विचारलं की मी महाबळेश्वरचं नाव घेते. तिथं सकाळी दरीतून धुकं चढतं आणि लांबच्या खळग्यात रोवलेला झेंडा दिसेनासा होतो. तरी खेळ थांबत नाही. एकजण चेंडू मारतो, बाकीचे गप्प राहून तो कुठं पडला ते ऐकतात आणि त्या आवाजाच्या रोखानं निघतात. पुढचं दिसल्याशिवाय पाऊल टाकू नये, हे तिथं कुणाला पटायचं नाही.

यंदा ह्यांची नजर फार अधू झालीय. खेळ सोडायचं म्हणत होते, तरी मी त्यांना महाबळेश्वरला नेलं. धुक्यात मी चेंडू मारला आणि सवयीनं विचारलं, "अहो, दिसला का?" लगेच जीभ चावली.

ते हसले. "इथं दिसतंय कुणाला! डावीकडं गवतात पडलाय. चल."

कितीतरी दिवसांनी ते पुढं होते आणि मी मागून.