वीस दिवसांचं गवत

सरूबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीशी भांडत होती. एकोणनव्वद सालची गोष्ट. दहिसरच्या पलीकडे, पेणकरपाडा गावाच्या कडेला आमची चार मजल्यांची बिल्डिंग नुकतीच उभी राहिली होती, आणि गॅलरीतून खाली कचरा टाकण्याची कला लोकांनी सामान लावायच्या आधीच आत्मसात केली होती. तो कचरा पडायचा सरूबाईच्या गवतात. आखूड नेसलेलं लुगडं, हातात विळा, साठीच्या घरातली काटक बाई. सेक्रेटरी हिंदीत समजावत होता, ती आगरी बोलीत त्याला सोलून काढत होती. एकमेकांचं कितपत कळत होतं देव जाणे, पण सेक्रेटरी वर निघून गेला आणि कचरा आठवडाभर बंद झाला.

मी नांदेडकडची. नवऱ्याची, सहादेवची, नोकरी दहिसरला, माझी शाळेत. शेताचा वास नाकात घेऊन वाढलेली असल्यामुळे मला तिचं गवत फार आवडायचं. दिवाळीच्या सुमाराला ते छातीइतकं उंच व्हायचं. ती एकटी कापायची, भारे बांधायची आणि तबेल्याची गाडी येऊन ते घेऊन जायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. शाळेतून येताना मी बांधावर थांबायचे. ती मला ‘मास्तरीन’ म्हणायची, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

ही जमीन तिच्या नवऱ्याच्या आणि दिरांच्या सामाईक नावावर होती. बाकी सगळ्यांनी बिल्डरला सह्या दिल्या होत्या. राहिला होता फक्त सरूबाईचा अंगठा. दोन वर्षं तिने तो दिला नव्हता. पुतण्या लवू विनवण्या करून थकला, गावातली चार वडीलधारी माणसं येऊन गेली, बिल्डर शेठचा माणूस मिठाई घेऊन आला. मिठाई तिने तबेल्याच्या गाडीवाल्याला दिली. मी मेल्यावर घ्या, एवढंच ती म्हणायची. मला वाटायचं, ही काही हरत नाही.

एक्क्याण्णव साली कापणी अर्ध्यावर आली असताना तिला गवतात सशाची पिल्लं दिसली. तीन. मी बांधावरच होते. तिने विळा मागे घेतला, हळूच मागे सरकली आणि मला बोलावून लांबूनच दाखवलं. मुठीएवढी, अंगावर मऊ तपकिरी लव, डोळे टक्क उघडे. हलत नव्हती. जवळ ना आई, ना बीळ. अगदी टाकून दिल्यासारखी दिसत होती आणि माझा जीव कळवळला.

“हात नको लावूस,” ती म्हणाली. “आयस हाय त्यांची. दिसभर जवल फिरकत न्हाय, नायतर कुत्र्याला वास लागंल. सांजची येते, पाजून जाते.”

मग तिने त्यांच्या भोवती चार-पाच हात गवत गोल सोडून पुढची कापणी चालू केली. तिच्या सासूने तिला असंच शिकवलं होतं म्हणे. पिल्लं सापडली की गवत उभं ठेवायचं, आत पाय टाकायचा नाही, वीसेक दिवसांत ती आपोआप निघून जातात. त्या गोलात कुणी विळा घालायचा नाही हा सगळ्या पाड्याचा रिवाज होता. मी मान डोलावली. पण खरं सांगायचं तर मनात म्हटलं, अडाणी बाई, ऐकीव सांगते आहे. बी.एड. झालेल्या माणसाचं असंच असतं.

दोन दिवसांनी, शनिवारी, शेजारच्या प्लॉटवर भराव टाकणारे डंपर आले. दुपारी मी शाळेतून परतले तेव्हा मातीचे ढीग सरूबाईच्या बांधापर्यंत पोचले होते. भटकी कुत्री हुंगत फिरत होती. सरूबाई कुठेच दिसेना. लवूला विचारावं, तर मी तेवढंही केलं नाही. सरळ गवतात शिरले, तिन्ही पिल्लं ओढणीत घेतली आणि घरी आणली. त्याच आठवड्यात पाचवीच्या वर्गाला मी भूतदयेचा धडा शिकवला होता. तो धडा मला कुणी तरी परत शिकवायला हवा होता.

माझ्या लेकीने, संध्याने, बुटांच्या खोक्यात कापूस घातला. मी पिशवीच्या दुधात पाणी आणि चिमूटभर साखर घालून ड्रॉपरने पाजलं. पिल्लं प्यायली, आणि मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या, मला पुण्य लागणार असं म्हणाल्या. मी ते आनंदाने ऐकून घेतलं.

सकाळी एक पिल्लू मेलेलं होतं. उरलेल्या दोघांची पोटं फुगली होती.

तेवढ्यात दारात सरूबाई. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती आमच्या घरी आली होती. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी खोकं मागे लपवायला गेले, पण तिने ते आधीच पाहिलं होतं. तिच्या उजव्या अंगठ्यावर निळी शाई होती.

“दिला अंगठा,” ती म्हणाली. “वीस दिस मागून घेतलं. तवर त्या गोलाला हात लावायचा न्हाय, आसा कबूल करून घेतला शेठकडून.”

काल दुपारी ती भाईंदरला शेठच्या ऑफिसात गेली होती. अंगठा दिला नाही तरी डंपर आज ना उद्या गोलावर येणार हे तिने ओळखलं होतं, आणि तिच्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती. शेठ हसला म्हणे. ज्यासाठी दोन वर्षं खेटे घातले ते गवताच्या एका पुंजक्यावर मिळत होतं. दिवेलागणीला परत येऊन ती बांधावर बसली. सशीण आली, गोलात शिरली, बाहेर आली, परत शिरली. तीन वेळा. मग शेताच्या मधोमध बराच वेळ बसून राहिली आणि निघून गेली. हे सगळं तिने मला न रागावता सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिच्या सांगण्यावरून आम्ही दिवस मावळायच्या आत उरलेली दोघं गोलात नेऊन ठेवली आणि लांब बांधावर बसलो. दिवसभर डंपरची घरघर झाली होती, सशीण येणार नाही असं मला वाटत होतं. ती आली. कान टवकारून थेट पिल्लांपाशी गेली. त्यांना नाकाने ढोसलं, पाजायला त्यांच्यावर ओणवी झाली. पण पिल्लं प्यायला उठलीच नाहीत. सरूबाईचं एकूण एक अक्षर खरं होतं आणि मी त्याची माती केली होती. सकाळी दोन्ही गार होती. सरूबाईने तिथेच विळ्याने खड्डा काढला.

शेठने शब्द पाळला. बिल्डर लोक शब्द पाळत नाहीत म्हणून सगळे ओरडतात. हा नेमका पाळणारा निघाला. सभोवताली पुरुषभर उंच भराव झाला आणि मधे विहिरीसारख्या खोलगट जागेत तो गवताचा गोल वीस दिवस तसाच उभा राहिला, रिकामा. रोज गॅलरीत कपडे वाळत घालताना तो मला दिसायचा. तिचा अंगठा रद्द करा म्हणून मी शेठकडे जाऊनही आले. त्याच्या माणसाने मला चहा दिला आणि कागद नोंदणीला गेल्याचं सांगितलं.

पुढे सरूबाई आमच्याच बिल्डिंगमध्ये चार घरची भांडी घासायला लागली. आमच्याकडेही येशील का असं मी विचारलं, तर वेळ नाही म्हणाली. अठ्ठ्याण्णव साली ती गेली, तिच्या गवतावर तोवर तीन इमारती झाल्या होत्या.

विसाव्या दिवशीची संध्याकाळ मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. भरावाच्या कडेवर ती उभी होती, दहा पावलांवर मी. डंपरवाल्याने गाडी मागे घेतली, दाराबाहेर डोकं काढलं आणि मोठ्या अदबीने विचारलं, मौसी, डालूं क्या? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“टाक,” ती म्हणाली. “आत कोन न्हाय.”